सिंगल, ट्विन की चार सिलिंडर? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एकच विचारलं होतं, तुम्हाला मोटारसायकलचं कुठलं इंजिन आवडतं आणि का. पत्रं आली त्यात "का" सांगणारी कमी आणि "कुठलं घेऊ" विचारणारी जास्त, साहजिकच आहे, गाडी घेताना दोन-चार लाख जातात. पण सगळी पत्रं एकत्र वाचल्यावर जाणवलं की बहुतेक जण सिलिंडर मोजतायत (एक म्हणजे सिंगल, दोन म्हणजे ट्विन, तीन म्हणजे ट्रिपल), सीसी मोजतायत, हॉर्सपॉवर मोजतायत, आणि गाडीवर बसल्यावर अंगाला खरं जे जाणवतं, म्हणजे इंजिनातल्या दोन स्फोटांमधलं अंतर, त्याबद्दल फक्त एकाच मुलाने विचारलंय. त्याचं उत्तर सगळ्यात लांब झालंय, पण बाकीच्यांनीही ते वाचा, कारण पुढच्या उत्तरांना त्याचा आधार आहे.

प्रश्न: रोज कोथरूड ते हिंजवडी जातो, महिन्यातून एखादा रविवार ताम्हिणी नाहीतर वरंधा. चारशेची सिंगल घ्यावी की साडेसहाशेची ट्विन? मित्र म्हणतात एकदा ट्विन चालवली की सिंगलवर परत बसवत नाही. (कोथरूडहून एक वाचक)

उत्तर: मित्र बरोबर सांगतायत, मी स्वतः साडेसहाशेची ट्विन चालवतो आणि मला तिचा लळा लागलाय. तरी तुम्हाला मी सिंगलच घ्या म्हणेन.

कागदावर बघा. ट्रायम्फची स्पीड ४०० घेतली तर ३९८ सीसी, ४० पीएस (जवळजवळ हॉर्सपॉवरच) आणि ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. रॉयल एनफिल्डची ६४८ सीसीची ट्विन ४७ पीएस आणि ५२ न्यूटन मीटर. म्हणजे पॉवरचा फरक फक्त सातचा, टॉर्कचा मात्र भरपूर. पण वजनही बघा ना, सिंगल साधारण १७५ ते १८० किलोची आणि ट्विन दोनशेच्या बरीच वर. चांदणी चौक ओलांडून पुढे तुम्ही संध्याकाळी सहा वाजता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबत सरकताय, पाय सारखा खाली टेकतोय, मागून रिक्षा घुसतेय, तेव्हा ते जास्तीचे तीस-चाळीस किलो रोज हाताला आणि मांडीला कळतात. पार्किंगमधून गाडी उलटी ओढताना तर फारच कळतात. माझी ट्विन शहरात २२-२३ देते, सिंगल त्याहून जास्त देईल आणि हलकी म्हणून टायरही जास्त टिकेल.

ट्विन कुठे जिंकते? कात्रजचा नवीन बोगदा मागे टाकून साताऱ्याकडे लागलात आणि ९५-१०० वर दोन तास राहिलात की. तिथे सिंगल "मला दमवू नका" म्हणून सांगायला लागते, हँडल आणि फूटरेस्टमधून, आणि ट्विन निवांत असते. महिन्याला एकच रविवार असेल तर त्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस जड गाडी ढकलू नका. उद्या लांबच्या राइड वाढल्या तर बदला.

एक मात्र करा, टेस्ट राइडला गाडी नुसती पळवू नका. चौथ्या गिअरमध्ये ३५ वर सोडून हळूच थ्रॉटल द्या. गाडी खडखडली, चेनने झटके दिले, तर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती तुम्हाला सारखे गिअर बदलायला लावणार, मग ब्रोशरमध्ये पॉवर कितीही छापलेली असो.

प्रश्न: २७० डिग्री क्रँक म्हणजे नक्की काय? सगळे रिव्ह्यूवाले कौतुक करतात पण समजावून कोणी सांगत नाही. दोन सिलिंडर ते दोन सिलिंडरच ना? (आकुर्डीहून इंजिनीअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर: फार छान विचारलंस मित्रा. टेबलावर हात ठेव, ताल धरूनच समजून घेऊ.

फोर स्ट्रोक इंजिनाचा एक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ७२० अंशांत एकदा. या ७२० चे आठ भाग कर, प्रत्येक ९० अंशांचा. झाल्या आठ मात्रा, आपला केरवा तालच. आता सिंगल सिलिंडर म्हणजे काय, तर पहिल्या मात्रेवर एक थाप, म्हणजे एक स्फोट, आणि बाकी सात मोकळ्या. ती मोकळी जागा आहे म्हणून बुलेटची धुगधुग वेगवेगळी ऐकू येते.

दोन सिलिंडर आले की दुसरी थाप कुठे द्यायची हा प्रश्न येतो आणि ते क्रँकवर ठरतं. ३६० डिग्री क्रँकमध्ये दोन्ही पिस्टन बरोबरच वर जातात, बरोबरच खाली येतात, पण पेटतात आळीपाळीने. थापा पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, एकदम समान अंतर. एडवर्ड टर्नरने १९३७ मध्ये ट्रायम्फची स्पीड ट्विन काढली ती अशी, आणि पुढे कित्येक वर्षं ब्रिटिश ट्विन म्हटलं की हेच. ताल सरळ, पण दोन्ही पिस्टन एकाच वेळी आपटत असल्याने व्हायब्रेशन सिंगलसारखंच.

१८० डिग्रीमध्ये एक पिस्टन वर तर दुसरा खाली, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, म्हणून हे इंजिन वर फिरायला आवडीने तयार. पण थापा येतात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मग पुढे लांबलचक शांतता. ठक-ठक, आणि गॅप. कावासाकी निन्जा ३०० आणि यामाहा आर३ अशा आहेत. खाली थोड्या कोरड्या वाटतात, वर गेल्या की गातात.

आणि २७० डिग्री म्हणजे पहिली आणि चौथी मात्रा. तीन मात्रांचं अंतर, मग पाच मात्रांचं. हातावर वाजवून बघ, लगेच कळेल की यात लय आहे, झोका आहे. ९० अंशांच्या व्ही-ट्विनचा ताल अगदी हाच, म्हणून रॉयल एनफिल्डची ६५० उभे दोन सिलिंडर असूनही व्ही-ट्विनसारखी बोलते. यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स८५० मध्ये हे आणलं तेव्हा ते वेगळं वाटायचं, आता निम्म्या जगाने उचललंय.

नुसता आवाजच नाही, यात अजून एक गंमत आहे. ३६० आणि १८० मध्ये दोन्ही पिस्टन एकाच क्षणी टोकाला पोहोचून थांबतात आणि पुन्हा सुटतात. २७० मध्ये एक टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा मधे जोरात पळत असतो, म्हणजे क्रँकची फिरण्याची गती कमी हेलकावते. वर दुय्यम कंपन, म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाने होणारं बारीक थरथरणं, तेही दोन पिस्टनांमध्ये कटतं. उरतं ते मोठं कंपन, त्याला बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे उलटं वजन फिरवून कंपन मारणारा दांडा, बसवतात. मागच्या चाकाला ढकलणं मिळतं तेही एका ठराविक लयीत, आणि ओल्या घाटात थ्रॉटल उघडताना टायर काय करतोय हे मला तरी या इंजिनावर जास्त नीट कळतं.

यामाहाने २००९ मध्ये आर१ ला क्रॉसप्लेन क्रँक (पिस्टन एकमेकांपासून ९० अंशांवर) दिला तोही याच विचाराचा. चार सिलिंडर, पण थापा पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर. वाजवून बघ, जमलं तर तुझ्या वर्गात एखाद्या तबला शिकणाऱ्या मुलालाही वाजवायला लाव.

प्रश्न: माझ्याकडे जुनी कास्ट आयर्न बुलेट, मुलाने मागच्या वर्षी नवीन ३५० घेतली. नवीन गाडी गुळगुळीत आहे पण ती धुगधुग नाही. सायलेन्सर बदलला तर येईल का? (नारायण पेठेतून एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर: काका, नाही येणार. आवाज मोठा होईल, धुगधुग येणार नाही, आणि मुलाला दंड बसेल तो वेगळा.

तुमच्या गाडीची धुगधुग सायलेन्सरमध्ये नव्हतीच. ती जड फ्लायव्हीलमध्ये (क्रँकवरच्या जड चाकात) होती, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) अशा लांब इंजिनात होती, आणि तुम्ही स्वतः स्क्रू फिरवून खाली आणलेल्या आयडलिंगमध्ये, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरतं त्या गतीत, होती. सातशेच्या आसपास आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) सेट केलेली जुनी बुलेट सेकंदाला साधारण सहा वेळा पेटते. सहा म्हणजे माणसाला मोजता येतात. नवीन इंजिन ७२ बाय ८५.८ चं आहे, म्हणजे अजूनही लांब स्ट्रोकचंच, पण फ्युएल इंजेक्शनवालं आयडलिंग इतकं खाली ठेवता येत नाही, शिवाय आत बॅलन्सर शाफ्ट आहे जो तुमचा आवडता धक्का मधल्यामधे गिळतो. तोच शाफ्ट मुलाचे आरसे ९० ला स्थिर ठेवतो, तुमच्या गाडीवर ९० ला आरशात काय दिसतं तुम्हाला माहितीय.

तुलनेसाठी सांगतो, केटीएमची जुनी ३७३ सीसीची ३९० बघा, सिंगलच, पण बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०. सिलिंडर एकच असून स्वभाव पूर्ण उलटा, ती वर फिरायलाच जन्मलेली. म्हणून नुसतं "सिंगल आवडते" म्हणून कळत नाही, कुठली सिंगल ते सांगावं लागतं.

तुमची गाडी विकू नका. टॅपेट वेळच्या वेळी, ऑइल वेळच्या वेळी, आणि तो उजव्या पायाचा गिअर मुलालाही शिकवा.

प्रश्न: मला फक्त चार सिलिंडरच हवीय, त्या आवाजासाठी. कावासाकीची झेडएक्स-४आर बघतोय. घरचे म्हणतात चारशे सीसीला एवढे पैसे कशाला. (हडपसरहून एक वाचक)

उत्तर: आवाजासाठी गाडी घेणं यात चुकीचं काहीच नाही, रोज तुम्हीच ऐकणार आहात. गणपतीत लक्ष्मी रोडला उभं राहिलं की ढोलाचा ठोका पोटात लागतो आणि ताशाची तर्री कानात शिरते, दोन्ही एकाच पथकात आणि दोन्हीचे चाहते वेगळे. सिंगल म्हणजे ढोल, चार सिलिंडर म्हणजे ताशा. तीन हजार आरपीएमला सिंगल सेकंदाला २५ वेळा पेटते, चार सिलिंडर १०० वेळा. चौदा-साडेचौदा हजारला ते पावणेपाचशेच्या आसपास जातं आणि तिथे ठोके उरतच नाहीत, एक अखंड सूर होतो. तो सूर ज्याला लागला त्याला लागला.

घरच्यांना मात्र हे आकडे दाखवा, कारण त्यांचा प्रश्न योग्य आहे. झेडएक्स-४आर ३९९ सीसी, टॉर्क ३९ न्यूटन मीटर. मगाचची ट्रायम्फची सिंगल ३९८ सीसी, टॉर्क ३७.५. जवळजवळ सारखेच ना? पण सिंगलला तो ६,५०० आरपीएमला मिळतो आणि कावासाकीला १३,००० ला. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, म्हणून एकीचे ४० पीएस आणि दुसरीचे ७७. इंजिनाचा जोर तेवढाच, फक्त दुप्पट वेगाने काम करतो. तुम्ही पैसे देताय ते त्या वरच्या सात हजार आरपीएमसाठी, आणि मगरपट्टा ते स्वारगेट तुम्ही तिथे एकदाही पोहोचणार नाही. खाली ती रिकामी वाटेल, एप्रिलमध्ये रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम वारा पायावर येईल.

दुसरी गाडी म्हणून घेत असाल, पहाटे लवकर उठून मोकळ्या रस्त्यावर न्यायला, अधूनमधून ट्रॅकवर न्यायला, तर जरूर घ्या. घरात ती एकच गाडी असेल तर माझं मत नाही असं आहे. आणि टॅक्सचं लक्षात ठेवा, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर ४० टक्के, म्हणजे चारशेची कुठलीही घ्या, सिलिंडर एक असो की चार, तो ४० टक्क्यांतच बसतो.

प्रश्न: मी एकटीने लांब राइड करते, गोवा, हंपी झालंय. माझ्या सिंगलवर नव्वदच्या वर हाताला मुंग्या येतात. ट्रिपल घेतली तर थांबेल का? (औंधहून एक वाचक)

उत्तर: ताई, बहुतेक थांबेल, पण आधी आहे त्या गाडीत काय ते बघू, कारण हे कधीकधी चारशे रुपयांत सुटतं.

इंजिन माउंटिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने चेक करून घ्या, नुसतं "घट्ट आहेत" ऐकून घेऊ नका. चेन किती ताणलीय बघा, फार ताणलेली चेनही थरथरते. हँडलच्या टोकाला जड बार-एंड लावा. ग्रिप बोटांनी आवळून धरताय का, तेही एकदा स्वतःकडे लक्ष देऊन बघा. मला स्वतःला कोल्हापूरच्या एका राइडला उजवी करंगळी दोन दिवस बधिर होती, आणि कारण निघालं सर्व्हिसिंगला माउंटिंगचा एक बोल्ट नीट आवळायचा राहिला होता. तेव्हापासून लांब निघण्याआधी मी स्वतः पाना लावून बघतो.

आता ट्रिपल. तीन पिस्टन १२० अंशांवर, दर २४० अंशांना एक स्फोट. केरव्यात बसत नाही हे, त्यासाठी दादरा घ्या, सहा मात्रा आणि थापा पहिली, तिसरी, पाचवी. मोठं कंपन कटतं, बारीक दुय्यम कंपनही कटतं, राहतो तो इंजिन पुढेमागे डोलण्याचा प्रकार, त्यासाठी बॅलन्सर. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात ते बारीक दुय्यम कंपन राहतंच आणि हाताला मुंग्या आणणारं तेच असतं, म्हणजे चार म्हणजे नेहमी तीनपेक्षा गुळगुळीत असं नाही. ट्रायम्फची ट्रायडेंट ६६० चालवून बघा. ट्विनसारखी खालून ओढते आणि वर चारसारखी पळते. मला विचाराल तर एकाच इंजिनावर आयुष्य काढायचं झालं तर मी ट्रिपल निवडेन.

एक्सप्रेसवेवर आपल्याला बंदीच आहे, तेव्हा टेस्ट राइडला जुन्या हायवेवर तळेगावपर्यंत तरी जाऊ द्या म्हणून शोरूमवाल्यांना आग्रह करा. दहा मिनिटांत मुंग्या येत नाहीत, अर्ध्या तासाने येतात.

प्रश्न: व्ही-ट्विन आणि एल-ट्विन यात फरक काय? (वाकडहून एक वाचक)

उत्तर: एल म्हणजे ९० अंशांची व्हीच, डुकाटीने ती पुढे झुकवून बसवली म्हणून एलसारखी दिसते. ९० ला मोठं कंपन जवळपास पूर्ण कटतं. हार्लेची पारंपरिक व्ही ४५ अंशांची, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, स्फोट ३१५ आणि ४०५ अंशांनी, म्हणून तो अडखळत चालणारा ताल. दोन्हींत मागचा सिलिंडर मांडीखाली येतो आणि सिग्नलला तापतो, पुण्यात घेणार असाल तर टेस्ट राइड दुपारी घ्या.

प्रश्न: यातली कुठली इंजिनं आपल्याकडे बनतात का? (चिंचवडहून एक वाचक)

उत्तर: बनतात की! केटीएमच्या छोट्या सिंगल आणि ट्रायम्फच्या ४०० च्या गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात, आणि एप्रिलियाची आरएस ४५७, जी २७० डिग्री क्रँकची ट्विन आहे, ती पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात. इटालियन नावाची स्पोर्ट्सबाइक आपल्या जिल्ह्यातून बाहेर पडते याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रश्न: वडिलांची राजदूत ३५० वाड्याच्या अंगणात बारा वर्षं पडून आहे. वडील आता नाहीत. भंगारवाला विचारून गेला. सुरू करण्यात अर्थ आहे का? (कसबा पेठेतून एक वाचक)

उत्तर: भंगारात अजिबात देऊ नका. १९८३ ला आपल्याकडे आलेली ही गाडी, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक. टू स्ट्रोक प्रत्येक फेरीत पेटतो, आणि हिचा क्रँक १८० चा, म्हणजे दर १८० अंशांना स्फोट. केरव्यात पहिली, तिसरी, पाचवी, सातवी. फोर स्ट्रोक चार सिलिंडरचा ताल अगदी हाच आहे! तुमच्या वडिलांनी त्या काळात दोन सिलिंडरांत चारचा ताल चालवलाय.

किक मारू नका, ही विनंती आहे. आधी दोन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल सोडा आणि चार-पाच दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून किक हाताने हळूच दाबा, जोर लावायचा नाही. हलली तर इंजिन उघडणाऱ्याकडे न्या आणि सुरू करण्याआधी क्रँकचे ऑइल सील बदलायलाच लावा, बारा वर्षांत ते कडक झालेले असतात, तिथून हवा आत ओढली गेली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. टाकी आतून गंजलेली असणार, जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, कार्ब्युरेटर दोन्ही उघडून साफ करा. पार्टसाठी नाना पेठेत फिरा, पण जुना काढलेला पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगू नका.

पाच दिवसांनी किक हलली की नाही तेवढं मात्र आम्हाला कळवा.